मदत हवी आहे: गुरुवारी मुलाखत आहे आणि बोलायची वेळ आली की ततपप होतं

मुखदुर्बळ
गुरुवारी मुलाखत आहे. विषयाची तयारी पक्की आहे. पण समोर कोणी असलं की ततपप होतं आणि येत असलेलंही सांगता येत नाही. लहानपणापासून बुजरा स्वभाव. "आत्मविश्वास बाळगा" छापाचे सल्ले वाचून थकले, ते नकोत. तीन दिवसांत जमेल असं काही असेल तर सांगा, लवकर.

पानपूरक
समोरासमोर, फोनवर की व्हिडिओवर? घेणारे किती जण? आणि ततपप म्हणजे नेमकं काय? शब्द सुचत नाहीत, आवाज कापतो, घशाला कोरड पडते की भराभर बोलून मोकळ्या होता? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

मुखदुर्बळ
मुलाखतीत सगळ्यांचं होतं तेच हो. भीती वाटते.

तिरपी_रेघ
देहबोलीवर काम करा. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के देहबोली आणि आवाज. पाठ ताठ, नजरेला नजर. सुरू होण्याआधी दोन मिनिटं पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभ्या राहा. आरशासमोर रोज सराव करा.

पानपूरक
तो ७ टक्क्यांचा आकडा मुलाखतीला लावू नका. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून तो आला. तिथे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं. विषयाचं उत्तर चुकलं तर ताठ पाठ काय करणार? कमरेवर हात ठेवल्याने संप्रेरकं बदलतात हा २०१० चा दावाही २०१५ मध्ये मोठ्या गटावर तपासला तेव्हा टिकला नाही. मूळ लेखकांपैकी डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये स्वतःच त्यातून अंग काढून घेतलं.

तिरपी_रेघ
त्याच २०१५ च्या अभ्यासात लोकांना स्वतःला जास्त जोरकस वाटल्याची नोंद आहे. तेवढंही पुरतं की.

पानपूरक
वाटलं, पण वागण्यात फरक पडला नाही. दोन मिनिटं आहेतच तर ती श्वासाला द्या: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाची गती उतरते.

मुखदुर्बळ
बरं, सविस्तर सांगते. व्हिडिओवर आहे, तिघे घेणार. "स्वतःबद्दल सांगा" पाठ केलंय, पण मध्येच एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. अनपेक्षित प्रश्न आला की पाटी कोरी, मग एका वाक्यात उत्तर देऊन गप्प. चेहरा लाल होतो आणि तो स्क्रीनवर दिसत राहतो.

सावकाश
आता धागा पुढे जाईल. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण गोम तिथेच आहे.

स्क्रीनवरची स्वतःची चौकट लपवून टाका. तशी सोय बहुतेक ॲप्समध्ये असते. तुम्हाला तुम्ही दिसत नाही, समोरच्यांना दिसता. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेलं प्रारूप हेच सांगतं: चारचौघांत भीती वाटली की लक्ष आत वळतं, माणूस स्वतःवरच पाळत ठेवू लागतो आणि आत जेवढं जाणवतं तेवढंच बाहेर दिसत असणार असं धरून चालतो. प्रश्न ऐकायला मग लक्ष उरतच नाही. पाटी कोरी होते ती बऱ्याचदा यामुळे.

आरसा याचसाठी नको, त्याने पाळत वाढते. त्याऐवजी आज रात्री फोनवर दोन मिनिटांचं उत्तर रेकॉर्ड करा. बघण्याआधी कागदावर लिहा: चेहरा किती लाल दिसेल, आवाज किती कापेल, ० ते १० मध्ये. मग अनोळखी व्यक्तीला बघावं तसं बघा, पुन्हा आकडे द्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. अंदाज न लिहिता बघितलंत तर आतली धाकधूकच पुन्हा आठवेल आणि उपयोग होणार नाही.

पाठांतर आजच सोडा. "स्वतःबद्दल सांगा"साठी पाच सुटे शब्द एका चिठ्ठीवर, कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवलेले. वाक्यं दर वेळी वेगळी होऊ द्या. पाठ केलेल्या उत्तरात एक कडी तुटली की पुढची हाताला लागत नाही. सुट्या शब्दांत पुढच्यावर उडी मारता येते.

कोपऱ्यातला
अंतर्मुख माणसाला बदलायचा हा हट्ट कशासाठी? लाजाळू असणं हा स्वभाव आहे, तसंच राहू द्यावं.

पानपूरक
दोन्ही एक नाहीत. जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच लाजाळूपणा आणि माणसांची आवड वेगवेगळी मोजून दाखवली. अंतर्मुख माणसाला एकटं राहणं मनापासून आवडतं. लाजाळू माणसाला बोलायचं असतं पण भीती आडवी येते, आणि या ताईंना बोलायचं आहे.

ओळखपत्र
पगाराचा आकडा आधी तुम्ही सांगू नका. रेझ्युमे एका पानाचा ठेवा, फोटो लावू नका.

झटपट
प्रोप्रॅनोलॉल घ्या. धडधड, थरथर दोन्ही बंद.

सावकाश
कृपा करून असं परस्पर सुचवू नका. दमा असेल, नाडी किंवा रक्तदाब मुळात कमी असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं. ते डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे, आणि दिलंच तरी पहिली गोळी मुलाखतीच्या दिवशी घ्यायची नसते. शिवाय धडधड थांबल्याने उत्तर सुचत नाही.

पानपूरक
पाटी कोरी झाल्यावर काय करायचं ते राहिलं. प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणा: "म्हणजे मुदत आणि दर्जा यांत काय निवडाल, असं विचारताय ना?" मग "क्षणभर विचार करून सांगते" म्हणून कागदावर तीन शब्द लिहा आणि पहिल्यापासून बोलायला लागा. चार-पाच सेकंदांची शांतता आपल्याला फार लांब वाटते, समोरच्यांना विचार करताय एवढंच दिसतं.

एका वाक्याचं उत्तर: दीड मिनिट धरा. पहिली पंधरा सेकंदं अडचण काय होती आणि तुमच्यावर काय सोपवलं होतं, पुढचं एक मिनिट तुम्ही काय केलं, शेवटची पंधरा सेकंदं त्याचं काय झालं. बुजरी माणसं नेमकं मधलं मिनिट खातात. पार्श्वभूमी लांबते आणि स्वतःचं काम "आम्ही केलं" मध्ये विरघळतं. "आम्ही चुका कमी केल्या" याने काही कळत नाही. "दोन याद्या जुळत नव्हत्या, मी नोंदी क्रमाने लावून फरक कुठे सुरू होतो ते शोधलं" याने कळतं. अशी सहा उत्तरं तयार ठेवा, बहुतेक प्रश्न त्यातल्या एखाद्यावर वळवता येतात.

मुखदुर्बळ
हे कामाचं आहे. अजून एक. मुलाखतीनंतर त्याच कॉलवर अर्धा तास टीमसोबत नुसत्या गप्पा आहेत. खरं तर त्याचीच धास्ती जास्त आहे.

पानपूरक
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! तिथे प्रश्न ठरलेले नसतात, उपाय वेगळा.

सावकाश
पहिल्या दोन-तीन मिनिटांत काहीतरी बोला, अगदी साधं. जितका वेळ गप्प राहाल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं. कोणी काही विचारलं तर उत्तर, त्याला एक तपशील आणि मग उलट प्रश्न. "हो, वाचनाची आवड आहे" इथे संवाद मरतो. "प्रवासवर्णनं वाचते, नकाशे असलेली तर हमखास. तुम्ही काय वाचता?" इथे समोरच्याला धरायला दोन जागा मिळतात. आणि दुसरा बोलत असताना पुढचं वाक्य मनात घोळवू नका. त्याच्या बोलण्यातलं एक नाम पकडा आणि त्याबद्दल विचारा. वाक्यं आधी घोळवणं, कमी बोलणं, नजर चुकवणं यांनी तेवढ्यापुरतं सुरक्षित वाटतं, पण समोरच्याला तुम्ही तुटक वाटता.

तिरपी_रेघ
मग घाबरल्याचं लपवायचं कसं ते तरी सांगा.

सावकाश
लपवायचं नाहीच. सॅवित्स्की आणि गिलोविच यांच्या २००३ मधल्या प्रयोगात काही वक्त्यांना आधीच सांगितलं होतं की तुमची धास्ती तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नसते. त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना इतरांपेक्षा चांगली वाटली. मुखदुर्बळताई, मुलाखतीनंतर रात्री सगळी उजळणी करत बसू नका. विचारलेले प्रश्न लिहून कागद बंद करा. आणि ही भीती सहा महिन्यांहून जास्त काळ असेल आणि तिच्यामुळे कामं, माणसं टाळली जात असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत, पण ते तीन दिवसांचं काम नाही.

मुखदुर्बळ
धन्यवाद. रेकॉर्डिंग केलं, अंदाज लाल ९, दिसला ४. शेवटचं विचारते: कॅमेऱ्याकडे बघायचं की चेहऱ्यांकडे?

पानपूरक
ऐकताना चेहऱ्यांकडे, बोलताना वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्याकडे. कॉलची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या बरोबर खाली सरकवा, मग नजर फार हलवावी लागत नाही. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आला पाहिजे.