मदत हवी आहे: मॉक पोलची (खऱ्या मतदानाआधीच्या चाचणी मतदानाची) एकपानी चेकलिस्ट कोणाकडे आहे?

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मतदान कर्मचाऱ्यांसाठी सरावाचं टिपण करतोय. घोळ नेहमीचाच: किमान 50 मतं टाकून निकाल जुळवला की ‘क्लिअर’ (ही चाचणीची मतं पुसणं) राहून जातं, आणि संध्याकाळी कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) आकडा मतदारांच्या 17-अ नोंदवहीशी जुळत नाही. मॉकच्या चिठ्ठ्याही व्हीव्हीपॅटमधून (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्रातून) काढून, मागे शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या असतात. शिवाय आपलं ऊन! व्हीव्हीपॅट खिडकीसमोर मांडलं की थेट उजेडाने सेन्सर त्रास देतो.

नामिबियाने 2014 मध्ये भारतीय मतदान यंत्रं चिठ्ठीविना वापरली; 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरवलं. दिल्लीच्या आयआयआयडीईएममध्ये (निवडणूक आयोगाच्या प्रशिक्षण संस्थेत) परदेशी अधिकाऱ्यांना हा क्रम कसा शिकवतात? तिथला सराव-तक्ता कोणाकडे असेल तर टाका. छापील पानाचा फोटो चालेल, जड पीडीएफ नको. सातपुड्यात रेंज कुठे असते!