पीआरची (जनसंपर्काची) पहिली नोकरी, तेबी तालुक्याच्या गावात. पेपरात बातमी कशी लागन?

कपाशीवाली (घाटंजी):
नमस्कार सगळ्यायले. अमरावतीवरून मास कम्युनिकेशन केलं अन् आता इकडंच बियाण्याच्या एका छोट्या कंपनीत पीआरले लागली. म्हणजे कार्डावर पीआर, बाकी फेसबुक पेज, मेळाव्याचं बॅनर, पाहुण्यायचा चहा सगळं माझ्याकडंच. मालकांचं एकच म्हणणं, हप्त्यातून दोनदा तरी पेपरात फोटोसकट नाव पाह्यजे. वार्ताहर दादायले फोन केला का ते म्हणतात ताई आधी १५ ऑगस्टची जाहिरात बोला. कॉलेजात शिकवलं का जाहिरात वेगळी अन् जनसंपर्क वेगळा, इथं तसं काही दिसून नाही राहिलं. घरचे म्हणतात नागपूरले एजन्सीत जाय. काय करू? अन् प्रेसनोट कशी लिहू का ते छापतीन?

बांधावरचा बातमीदार (दारव्हा):
ताई, मी त्याच जमातीतला. आधी आमचं गणित समजून घे म्हणजे राग येणार नाही. तालुक्याच्या वार्ताहराले मानधन नावालेच, कुठं कुठं तेही नाही, घर चालते जाहिरातीच्या कमिशनवर. पोळा, १५ ऑगस्ट, दिवाळी, नेत्यायचे वाढदिवस, हेच आमचे हंगाम, म्हणून तो मागणारच. तू सरळ सांग, दादा जाहिरातीचं मालक ठरवतात, त्यायच्याशी बोला, माझ्याकडची बातमी बातमी म्हणून पाहा. दोन्ही गोष्टी एका फोनवर बोलूच नको. अन् पाकीट तर बिलकुल देऊ नको, एकाले दिलं का दुसऱ्या दिवशी सगळा तालुका दारात.

आता प्रेसनोट. आमच्याकडं येते ती अशी: "मा. श्री. अमुक यांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन होऊन भव्य शेतकरी मेळावा मोठ्या उत्साहात संपन्न झाला, यावेळी मंचावर..." अन् पुढं अर्ध्या गावाची नावं. याच्यात बातमी कुठं हाय बाप्पा? तेच असं लिही: "बोंडअळीसाठी कामगंध सापळे कसे लावायचे, हे घाटंजी तालुक्यातील शेतकऱ्यांनी मंगळवारी प्रत्यक्ष शेतात पाहिले." नावं शेवटी, तीन-चारच, अन् बरोबर पाह्यजे, राऊतचा राऊळ झाला का तुझा मालक शिव्या आम्हाले देते. मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये टाईप करून टाक, लेटरहेडचा फोटो काढून नको पाठवू, तो पुन्हा टाईप कोण करन? फोटो वेगळा, खाली डावीकडून कोण कोण ते. दुपारीच पाठव, दिवेलागणीले पान लागून जाते.

संत्रानगरीकर (नागपूर):
मी एजन्सीत आहे. इथं सकाळी सकाळी पेपर चाळून क्लायंटच्या बातम्या कापणं, त्यांची फाईल करणं, मग दिवसभर फोन, सुरुवातीला हेच असतं, फार ग्लॅमर नाही. घाईनं येऊ नका, एक पूर्ण खरीप तिथंच काढा, पेरणीपासून वेचणीपर्यंत, ते इथं कोणी शिकवत नाही. आणि मालकांना एक सांगून ठेवा. बातमीचे कॉलम सेंटीमीटर मोजायचे, जाहिरातीच्या दरानं गुणायचे आणि "एवढ्या लाखांची पब्लिसिटी" म्हणून दाखवायची, ही पद्धत २०१० सालीच बार्सिलोनात या धंद्यातल्या लोकांनी चुकीची ठरवली. क्लायंट अजूनही तोच आकडा मागतात ते वेगळं. तुम्ही त्यापेक्षा मेळाव्यानंतर किती शेतकऱ्यांचे फोन आले आणि त्यांनी काय विचारलं, ते वहीत लिहा.

कृषी केंद्रवाला (आर्णी):
फोटोबिटो ठीक हाय, पण तुमचं खरं काम खराब दिवशी लागते. २०१७ ले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली, २०२० ले सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी गेल्या. अशा टायमाले शेतकरी तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज करते, तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते, अन् तोवर पेपरवाल्यायचे फोन सुरू. तिथं "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हटलं का सकाळी छापून येते, कंपनीच्या अधिकाऱ्यांशी संपर्क होऊ शकला नाही. झालं, गावात त्याचा अर्थ एकच, पळाले. एवढंच बोला का तक्रार आली, आमचा माणूस उद्या वावरात जाते, लॉट नंबर तपासून राहिलो. जे माहीत नाही ते ठोकून देऊ नका.

एमपीएससीवाला (वाशीम):
माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या जाहिरातीवरबी लक्ष ठेवा, जिल्हा माहिती अधिकाऱ्याची पदं आयोगाकडून भरतात, पत्रकारितेची डिग्री कामी येते. पण निघतात कधी हे इचारू नका 😅

कपाशीवाली (घाटंजी):
लय धन्यवाद सगळ्यायले. सापळ्यावाली नोट तशीच लिहून पाहते. पण खराब दिवसाचं मालकांले बोलली तर ते म्हणतात प्रेसले माझाच नंबर दे, बाकी कोणी बोलायचं नाही. अन् ते दुपारी फोनच उचलत नाहीत, वावरात रेंज नसते.

कृषी केंद्रवाला (आर्णी):
मंग त्यायचा फोन लागला नाही तर कंपनीकडून कोण बोलन अन् किती बोलन, हे त्यायच्याकडून लिहून घ्या. पेरणीच्या आधी घ्या, मंग त्यायले टाईम नाही राहत.