मदत हवी आहे: हॉस्पिटलिस्टच्या (रुग्णालयात दाखल पेशंट बघणाऱ्या डॉक्टरच्या) करारात रात्रीच्या मदतीबद्दल काय लिहून घ्यावं?

नमस्कार. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिन रेसिडेन्सीच्या तिसऱ्या, शेवटच्या वर्षाला आहे. जे-१ व्हिसा असल्याने प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे; ती माफ करून घ्यायला कॉनरॅड ३० वेव्हर लागणार, म्हणजे ३ वर्षं एकाच ठिकाणी बांधलेली.

एका छोट्या गावच्या रुग्णालयाची ऑफर आली आहे. ७ दिवस काम, ७ दिवस सुट्टी, दिवसाला १६-१८ पेशंट, अधूनमधून रात्रपाळीचा आठवडा. पगार ठीक आहे.

अडचण आयसीयूची. व्हेंटिलेटरवरचे पेशंटही हॉस्पिटलिस्टकडेच, आणि रात्री इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर) फक्त व्हिडिओवर. हे काम मला मनापासून आवडतं. मध्यरात्री धाप लागलेल्या आजोबांच्या छातीवर अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवायचा आणि फुप्फुसात पाणी भरलंय का ते तिथल्या तिथे बघायचं, यासाठीच मी हे क्षेत्र निवडलं. पण सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) मी जेमतेम १२ टाकल्यात आणि इन्ट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) फक्त ४. एवढ्यावर रात्री एकटीने उभं राहणं पेशंटसाठी बरोबर नाही.

रिक्रूटरला विचारलं, तर "सपोर्ट असतो" एवढंच म्हणाले. तिथल्या एका डॉक्टरांशी बोलले, पण त्या फक्त दिवसपाळी करतात. वकील व्हिसापुरतंच बघतात. फेलोशिप (पुढचं विशेष प्रशिक्षण) सध्या शक्य नाही. वेव्हरच्या राज्याला वर्षाला ३०च जागा, त्यामुळे फार थांबताही येणार नाही.

रात्री इन्ट्युबेशनला कोण आणि किती मिनिटांत येणार, हे कुणी करारात लेखी घालून घेतलंय का? नेमकी वाक्यरचना काय होती, आणि रुग्णालयाने ती मान्य केली का?