मदत हवी आहे: नवे स्पीकर २०० तास वाजवल्याशिवाय पारखूच नयेत का? (परत करायची मुदत १० दिवस!)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवावा.

गेल्या आठवड्यात बुकशेल्फ स्पीकरची जोडी घेतली. साडेपाच इंची वूफर (खालच्या सुरांचा), कापडी घुमटाचा ट्वीटर (वरच्या सुरांचा), पेटी पूर्ण बंद (मागे भोक नाही). अँप्लिफायर घरातलाच जुना, ५० वॅटचा, ट्रान्झिस्टरवाला. दुकानात ऐकले तेव्हा खूश होतो. घरी १० बाय १२च्या खोलीत लावले आणि वरचे सूर टोचायला लागले. माझी कसोटी तानपुरा. जवारी नीट उघडलेला तानपुरा लावला की चार तारांतून झंकार कसा भरून येतो, ते मला पाठ आहे. इथे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाटतं, डाव्या बाजूने जास्त.

विक्रेत्याला फोन केला. "साहेब, स्पीकर अजून उघडलेले नाहीत. २०० तास बर्न-इन होऊ द्या, मग बोलू." मी रोज फार तर ३ तास ऐकतो, म्हणजे २०० तासांना ६७ दिवस. परत करायची मुदत १० दिवस, त्यातले ४ संपले. आतापर्यंत १५ तास वाजले असतील. रात्रंदिवस वाजवायचे म्हटलं तर भिंतीपलीकडच्या आजी आहेत आणि भिंतीअलीकडे बायको आहे.

तर हे बर्न-इन प्रकरण खरं आहे का? आणि रोज ऐकायला बसण्याआधी अँप्लिफायर तापवावा लागतो म्हणतात, ते किती वेळ? मुख्य म्हणजे, उरलेल्या ६ दिवसांत मी काय करू?

– अर्धा_कप_चहा

मंद्रसप्तक:
शंभर टक्के खरं. माझे स्पीकर पहिले दोन आठवडे असेच कोरडे होते. साधारण ३०० तासांनी एका संध्याकाळी अचानक उलगडले. ढोलकी नाही का, नवी असताना कशी बोलते आणि हात बसल्यावर कशी बोलते! धीर धरा. केबललाही १०० तास द्या.

सोल्डरमास्तर:
पुण्यात तापकीर गल्लीजवळ (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ३० वर्षं दुरुस्ती करतोय, म्हणून दोन शब्द. इथे दोन वेगळ्या गोष्टींची भेळ झाली आहे.

तापणं ही रोजची गोष्ट. ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला आहे त्यांना सांगायला नको. सात पाचच्या बातम्या हव्या असतील तर आमचे वडील खुंटी सातलाच फिरवायचे. तंतू लाल झाला, हिरवा डोळा उघडला, की मग आवाज. आजच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरलाही ते चुकलेलं नाही. हीटर ६.३ व्होल्टचा, अर्ध्या मिनिटात आवाज येतो, पण बायस (गाणं नसतानाही आतून वाहणारा, ठरवून दिलेला प्रवाह) स्थिर व्हायला १५-२० मिनिटं लागतात. नवे ईएल ३४ व्हॉल्व्ह बसवले तर पहिले काही दिवस बायस पुन्हापुन्हा तपासायचा, तो सरकतो. क्लास ए (गाणं असो-नसो, सतत भरपूर प्रवाह ओढणाऱ्या) ट्रान्झिस्टरवाल्याचा हीटसिंक पुरता तापायला पाऊण तास सहज जातो. सिलिकॉनच्या जंक्शनवरचा व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो, त्यामुळे थंड आणि गरम यंत्राचा बायस एक नसतो. तुमचा ५० वॅटवाला बहुधा क्लास एबी (एरवी थोडाच प्रवाह ओढणारा) असणार. त्याला चहा होईपर्यंतचा वेळ पुरे, म्हणजे १५-२० मिनिटं. तेवढ्यातही कानाला फरक कळेलच असं नाही. पण मापं घेणारे लोकही यंत्र तापू देतात, तेव्हा सवय वाईट नाही. डॅकला (डिजिटल गाण्याचा आवाज करणाऱ्या डबीला) आणि फोनला एवढंही लागत नाही.

कोणी सांगेल की क्लास ए यंत्र २४ तास चालूच ठेवा. २०० वॅट ओढणारं यंत्र दिवसाला ४.८ युनिट खातं, महिन्याला १४४. बिल आलं की कान आपोआप उघडतात.

आता बर्न-इन. आमच्या धंद्यात हा शब्द स्पीकरवाल्यांच्या आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ वेगळा. माल तयार झाला की काही तास गरम ठेवून चालवायचा, म्हणजे जे मरायचं ते कारखान्यातच मरतं. कच्चा सांधा किंवा सदोष कपॅसिटर सुरुवातीच्या दिवसांतच दगा देतो. त्यातून जो वाचला तो बरीच वर्षं जातो. यात आवाज गोड होण्याचा संबंध नाही. म्हणून दहा दिवसांत भरपूर वाजवाच, पण विक्रेत्याच्या कारणासाठी नाही. दोष असेल तर तो मुदतीतच बाहेर पडावा म्हणून.

मंद्रसप्तक:
मास्तर, मग मला ऐकू आलं ते खोटं? २५ वर्षं गाणं शिकवतोय. कान थोडे तयार आहेत हो.

शून्य_डेसिबल:
@मंद्रसप्तक, खोटं कोण म्हणतंय? बदल ऐकू आला हे मान्य. पण तीन आठवड्यांत स्पीकरसोबत तुमचे कानही त्या आवाजात मुरले, खुर्ची दोनदा सरकली असेल, आवाजाचं बटण एखादा डेसिबल वर गेलं असेल. यातलं नेमकं कशाने झालं, ते आठवणीवरून सांगता येत नाही. तीन आठवड्यांपूर्वीचा स्वर लक्षात राहतो, स्पीकरचा पोत नाही राहत. आणखी एक. २०० तासांनी स्पीकर बिघडला, आधीच बरा होता, असं कोणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. झीज नेहमी चांगल्याच दिशेने कशी होते?

तरी स्पीकरच्या बाबतीत यंत्रशास्त्र आहे, ते नाकारत नाही. कोनला (आत-बाहेर हलणाऱ्या शंकूला) धरून ठेवणारा स्पायडर (राळेत बुडवून कडक केलेलं कापड) आणि कडेचा रबर सुरुवातीला ताठ असतात. वाजले की थोडे सैल पडतात आणि अनुनाद (ज्या सुरावर कोन आपसूक जास्त डोलतो तो) खाली येतो. यातला मोठा भाग पहिल्या काही मिनिटांत-तासांत उरकतो. बरेच कारखाने तपासणीतच ड्रायव्हर (म्हणजे वूफर, ट्वीटर) हलवून पाहतात, त्यामुळे काही तर खोक्यात जाण्याआधीच सैलावलेले असतात.

आता हिशोब. समजा वूफरचा मोकळ्या हवेतला अनुनाद ६० हर्ट्झ आहे, त्याच्या लवचिकतेइतकी हवा (हिला व्हास म्हणतात) २० लिटर आणि पेटी १० लिटरची. बंद पेटीत अनुनाद येतो ६० गुणिले (१ + २०/१०)चं वर्गमूळ, म्हणजे १०४ हर्ट्झ. वाजून वाजून अनुनाद १० टक्के उतरला, ५४ झाला. पण कोन सैल पडला म्हणजे व्हास वाढला, तो २० वरून २४.७ लिटर होतो. पुन्हा मांडा: १०१ हर्ट्झच्या आत-बाहेर. कारण पेटीतली हवा हीच मुख्य स्प्रिंग आहे आणि ती कितीही तास वाजवली तरी सैल पडत नाही. मंद्रसप्तकांच्या भाषेत, फरक ढोबळ एका श्रुतीचा, तोही खर्जात. धागाकर्त्याला टोचतंय ३-४ हजार हर्ट्झच्या वर. तिथे ट्वीटर आहे, त्याचा घुमट केसभरच हलतो.

बर्फातला_मावळा (टोरोंटो):
इथला अनुभव सांगतो, तुम्हाला लागू नाही. जानेवारीत उणे १८ला कुरिअरच्या गाडीतून स्पीकर आले. लगेच खोका फोडला तर सगळ्या धातूवर दव. आता खोका बंदच ठेवून रात्रभर घरात राहू देतो. गार रबर दगडासारखा असतो, रेकॉर्ड प्लेयरच्या सुईमागचा रबरही तसाच, थंडीत ताठरतो. तापमान ही खरी गोष्ट आहे, २००चा आकडा कुठून आला ते विक्रेत्यालाच विचारा.

सोल्डरमास्तर:
मावळ्या, हलगीवाले मिरवणुकीआधी हलगी शेकतात, तसंच हे. कातड्यातला ओलावा गेला की ती बोलते. मंद्रसप्तकांच्या ढोलकीचंही तेच, कातडं आणि शाई आहे तिथे. तांब्याच्या केबलीत शेकायला काय आहे?

उलट तांबं तापलं की नुकसानच. व्हॉइस कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) विरोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. लग्नाच्या मांडवात कॉइल १०० अंशांनी तापली की विरोध ३९ टक्के जास्त, आणि डीजेला कळत नाही आवाज का बसला. मग तो अजून वाढवतो. मग स्पीकर माझ्याकडे येतो.

शून्य_डेसिबल:
धागाकर्ते, ६ दिवसांत उरकेल अशी युक्ती सांगतो. तुमच्याकडे जोडी आहे, म्हणजे प्रयोगाला लागणारा 'न तापलेला' साक्षीदार घरातच आहे. फक्त डावा स्पीकर चार दिवस अखंड वाजवा, हळू आवाजात, गुलाबी नॉईज (सगळे सूर मिसळलेला सरसर आवाज) लावून, वर जाड रजई टाकून. उजवा खोक्यात ठेवा. मग दोघांना एकाच आवाजावर मोनोत ऐका. बदलाबदल दुसऱ्याने करायची, तुम्ही डोळे मिटून बसायचं. १५ तासांत जे व्हायचं ते दोघांचं झालंय, पण विक्रेता २०० म्हणतोय ना? मग उरलेला फरक दिसायला हवा.

मोजायचंही असेल तर: अँप्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर मालिकेत घाला, फोनवरून ४० ते १५० हर्ट्झ एकेक सूर सोडा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांत व्होल्ट पाहा. जिथे आकडा सर्वांत वर जाईल तो अनुनाद. आवाज अगदी कमी ठेवा.

घाईत_असलेली_ताई:
अवांतर विचारते, माफ करा. बाबांचा जुना अँप्लिफायर माळ्यावर १२ वर्षं पडून आहे. उद्या लावून बघू का?

सोल्डरमास्तर:
नको! ताई, थेट प्लगमध्ये लावू नका. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पापुद्रा इतक्या वर्षांत विरळ झालेला असतो. एकदम २३० व्होल्ट दिले तर गळती वाढून फुगेल किंवा फुटेल. डिमरस्टॅटवर (व्होल्ट कमी-जास्त करायचं यंत्र) काही तासांत हळूहळू चढवायचं, पापुद्रा परत धरतो. डिमरस्टॅट नसेल तर निदान ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये लावून बघतात. बल्ब लखलखीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. घरी करू नका, आत वीज साठून असते, जवळच्या कारागिराकडे न्या. पहिल्यांदा हळू तापवण्याचं खरं काम हे आहे.

अर्धा_कप_चहा:
सगळ्यांचे आभार. पाच दिवसांनी अहवाल देतोय, उद्या मुदत संपते.

डावा चार दिवसांत ८८ तास वाजला. आजींनी एकदाच विचारलं, "तुमच्याकडे नळ चालू राहिलाय का?" रेझिस्टर आणि मल्टिमीटर सोल्डरमास्तरांकडून आणले (दुकान दोन गल्ल्या पलीकडे निघालं!). सुरुवातीला दोन्ही ८३ हर्ट्झवर होते. चार दिवसांनी डावा ८२, उजवा ८३. माझ्या मल्टिमीटर-वाचनाचीच चूक तेवढी असेल.

मग ऐकणं. बायको बदलत होती, मी डोळे मिटून. पहिल्या फेरीत दहापैकी दहा वेळा बरोबर ओळखला! डावा टोचतो, उजवा मऊ. मीच चक्रावलो, कारण ८८ तास वाजलेला डावा मऊ व्हायला हवा होता. तेव्हा तिने सुचवलं, "जागा बदलून बघ ना." उजवा उचलून डावीकडे ठेवला. आता उजवा टोचायला लागला आणि डावा मऊ झाला. दहापैकी दहा.

डावीकडे बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा आहे, स्पीकरपासून दीड फुटावर. उजवीकडे कपड्यांचं उघडं कपाट. ट्वीटरचा आवाज काचेवर आपटून थेट माझ्या खुर्चीत येत होता. दरवाज्यावर जाड पडदा ओढला, दोन्ही स्पीकर जरा आतल्या अंगाला वळवले. तानपुरा बराचसा जागेवर आला. अगदी दुकानासारखा नाही, पण दुकानात गालिचा होता हे आता आठवतंय. स्पीकर ठेवतोय.

मंद्रसप्तक:
प्रयोग आवडला. माझ्याकडे ३०० तासांच्या सुमारास गणपतीसाठी खोली आवरली होती आणि सतरंजी घातली होती, हे आत्ता वाचताना आठवलं. तरी केबलचं मी लगेच मान्य करणार नाही.

शून्य_डेसिबल:
केबलसाठीही जोडी असतेच, एक वाजवा, एक कपाटात ठेवा. वहिनींना बदलायला बसवा.

अर्धा_कप_चहा:
मास्तर, मल्टिमीटर परत द्यायला शनिवारी येतो. दुकान किती वाजता उघडतं?

सोल्डरमास्तर:
अकराला. पूर्ण कप लागेल.