दुपारनंतर ट्रॅक लोडर मंदावतो: दोष पंपाचा की उष्णतेचा?

प्रश्न

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचा रस काढून उरलेला चोथा) यार्डात आमचा ७४ अश्वशक्तीचा कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर भाड्याने लावलेला आहे. सुट्या बगॅसच्या ढिगात चाकांचा लोडर रुततो, म्हणून रबरी पट्ट्यांचे हे मशीन घेतले. सकाळी बकेटने सुटा बगॅस कन्व्हेयरकडे लोटायचा आणि दुपारी पंजा लावून बगॅसच्या गाठी हलवायच्या, असा रोजचा क्रम आहे.

मार्च उजाडेपर्यंत मशीनची काहीही तक्रार नव्हती. पारा ४०-४१ अंशांवर गेल्यापासून मात्र दुपारी पाऊण-एक तास काम झाले की चाल निम्म्यावर येते, बूम (बकेट उचलणारा हात) रेंगाळत वर जातो आणि सरळ जाताना मशीन डावीकडे ओढते. पाण्याचा काटा मध्याच्या किंचित वर राहतो, लाल पट्ट्यात कधीच जात नाही. हायड्रॉलिक तेलाच्या तापमानाचा दिवा मात्र दोनदा लागला. अर्धा तास उभे ठेवले की पुन्हा काही काळ ठीक चालते. रेडिएटर पाण्याने धुतला, कूलंट बदलले, हायड्रॉलिक फिल्टर आणि व्हीजी ४६ तेल नवे टाकले, तरी फरक पडला नाही. ड्राइव्ह पंप (मशीन चालवणाऱ्या मोटरना दाबाने तेल पुरवणारा पंप) गेला आहे, असे आमच्या मिस्त्रींचे मत आहे. पंपाचा खर्च पाहता तो उतरवण्याआधी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

मी हायड्रॉलिक पंप आणि मोटर दुरुस्तीचे काम करतो. तापल्यावरच मंदावणाऱ्या मशीनचा पंप माझ्या टेबलावर येतो, तेव्हा अनेकदा त्यात दोष सापडत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मशीन मंदावलेले असतानाच, पूर्ण थ्रॉटलवर बकेट ढिगात घालून इंजिनाच्या आरपीएमकडे (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांकडे) पाहावे. आरपीएम कोसळत असेल तर इंजिनाची ताकद कमी पडते आहे, किंवा त्याच्यावर कुठून तरी जास्तीचा भार येतो आहे. आरपीएम टिकून असूनही मशीन ढकलत नसेल तर तेल आतल्या आत निसटते आहे. ही पाहणी सकाळी थंड मशीनवर करून उपयोग नाही. दोष दिसत असतानाच मोजले पाहिजे.

व्हीजी ४६ मधला ४६ हा आकडा ४० अंश सेल्सिअस तापमानाला असलेला तेलाचा दाटपणा आहे. तेच तेल ८० अंशांवर साधारण ११ वर आणि १०० अंशांवर ७ च्या आसपास येते. असे पातळ झालेले तेल पंपाच्या आणि मोटरच्या पिस्टनांभोवतीच्या फटींतून निसटते, निसटताना त्याचा दाब उष्णतेत बदलतो आणि त्या उष्णतेने तेल आणखी पातळ होते. म्हणजे पंप निर्दोष असला तरी तेल शंभरीला पोचले की मशीन पंप गेल्यासारखेच वागते. तेव्हा तेल तापते कशामुळे, हे आधी शोधावे लागेल.

इन्फ्रारेड थर्मामीटरने ऑइल कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या जोडांचे तापमान घ्यावे. चकचकीत धातूवर हे यंत्र कमी तापमान दाखवते, म्हणून जोडावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा. तेल खूप तापलेले असून दोन्ही आकड्यांत फरक नगण्य असेल, तर कूलरमधून पुरेशी हवा जात नाही. फरक चांगला असूनही तेल तापलेलेच असेल, तर उष्णता कुठेतरी गरजेपेक्षा जास्त तयार होते आहे किंवा कूलरमधून तेलच कमी वाहते आहे. हे आकडे येथे कळवावेत, म्हणजे पुढचे बोलता येईल.

उत्तर २

दुसऱ्या एका कारखान्यात देखभाल विभागात माझी बरीच वर्षे गेली आहेत. आपण रेडिएटर पाण्याने धुतला, हे वाचून शंका आली. बगॅसची बारीक तूस फिन्समध्ये (रेडिएटरच्या पातळ धातूच्या पात्यांमध्ये) अडकलेली असताना पाणी मारले की तिचा लगदा होतो आणि इंजिनाच्या उष्णतेने वाळून तो खळ लावलेल्या कापडासारखा घट्ट बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण ऑइल कूलर आणि रेडिएटर एकापुढे एक असलेल्या मशीनमध्ये खरा थर त्या दोहोंमधल्या फटीत असतो. कूलरचे बोल्ट काढून तो पुढे झुकवल्याशिवाय तो दिसत नाही. एका बाजूला बॅटरी धरून दुसरीकडून प्रकाश किती येतो ते पाहावे. अर्ध्या भागातून जरी अंधार दिसला तरी उत्तर मिळाले.

साफ करताना कॉम्प्रेसरची हवा पंख्याच्या हवेच्या उलट दिशेने, नोझल फिन्सना काटकोनात धरून मारावी. तिरकी मारली तर फिन्स वाकतात आणि वाकलेली फिन कचऱ्याइतकीच हवा अडवते. पंख्याचा पट्टा ढिला नाही ना, तेही त्याच वेळी पाहावे. एक गोष्ट विषयाला थोडी सोडून, पण महत्त्वाची आहे: एक्झॉस्ट आणि टर्बोभोवती साचलेला कोरडा बगॅस पेट घेऊ शकतो. मशीन बंद केल्यावर लगेच तो भाग झाकून उभे करू नये आणि सायंकाळची सफाई चुकवू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मंदावलेल्या अवस्थेत कूलरच्या आत जाणारे तेल ९८ आणि बाहेर येणारे ९५ अंश भरले. पंजाने गाठ धरलेली असताना आरपीएम थोडा खाली जातो. गाठ सोडली की लगेच सावरतो. उद्या कूलर उघडतो. तोपर्यंत व्हीजी ६८ तेल भरले तर चालेल का, असे ऑपरेटर विचारत आहे.

उत्तर ३

जाड तेल भरल्याने मंदावणे तासाभराऐवजी दीड तासाने सुरू होईल एवढेच. उष्णता तयार होणे थांबणार नाही. शिवाय गार मशीन सुरू करताना पंपाला जाड तेल ओढणे जड जाते. मशीनच्या पुस्तकात हवेच्या तापमानानुसार तेलाचा तक्ता असतो, त्यात ६८ ला परवानगी असेल तरच विचार करावा, आणि तोही कारण सापडल्यानंतर.

आपल्या लिहिण्यातली एक गोष्ट मला खटकली. ऊन दुपारी चढते आणि पंजाही दुपारीच लागतो. त्यामुळे दोष उन्हाचा की पंजाचा, हे आजवर वेगळे झालेलेच नाही. एक दिवस क्रम उलटा करावा आणि गाठी सकाळी हलवाव्यात. सकाळच्या गारव्यातही मशीन मंदावले तर ऑपरेटर पंजा कसा वापरतो, ते शेजारी उभे राहून पाहावे. गाठ सुटू नये म्हणून ऑक्झिलरी प्रवाहाचे (पंजाला तेल पुरवणारे) बटण कायम चालू ठेवण्याची सवय अनेकांना असते. पंजा पूर्ण मिटल्यावर सिलिंडर पुढे सरकू शकत नाही आणि सगळे तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब मर्यादेपलीकडे गेला की उघडणाऱ्या झडपेतून) परत जाऊ लागते. हिशेब सोपा आहे: बारमधला दाब गुणिले मिनिटाला लिटर, भागिले ६००, म्हणजे किलोवॅट. २१० बार आणि ७५ लिटर धरले तर २६ किलोवॅटहून अधिक होतात. आपले इंजिन सुमारे ५५ किलोवॅटचे आहे, म्हणजे जवळपास निम्मी ताकद काहीही काम न करता तेल तापवण्यात जाते. गाठ धरल्यावर आरपीएम खाली जाण्याचे कारण बहुधा हेच असावे.

डावीकडे ओढण्याचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा, कारण कूलर दोन्ही बाजूंना सारखाच आहे. दोन्ही ड्राइव्ह मोटरच्या कवचाचे तापमान घ्यावे आणि डाव्या पट्ट्याचा ताण पुस्तकातील मापाशी ताडून पाहावा. स्प्रॉकेटभोवती (पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती) बगॅस दाबून बसला की पट्टा आपोआप ताणला जातो आणि त्या बाजूची मोटर उगाच राबते. तरीही फरक राहिला तर केस ड्रेनचे (आतल्या आत निसटून कवचातून परत जाणारे) तेल मिनिटाला किती येते ते दोन्ही बाजूंना मोजावे. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे, कारण ते तेल भाजून काढणारे असते. पंपाचा निकाल त्या मोजणीवर लावावा.

प्रश्नकर्ता

चार दिवसांनी लिहितो आहे, क्षमस्व. कूलर झुकवला तेव्हा मागे जवळजवळ बोटभर जाडीची तपकिरी गादी निघाली. ती हातात धरली तर अखंड राहत होती. वरचा एक कोपरा सोडला तर प्रकाश कुठूनच येत नव्हता. साफ केल्यावर त्याच कामावर, त्याच वेळी तेल आत जाताना ८८ आणि बाहेर येताना ८१ भरले.

दुसऱ्या दिवशी गाठी सकाळी हलवल्या आणि उत्तर ३ मधली शंका खरी ठरली. ऑपरेटर दादांनी बटण लावूनच ठेवले होते. यार्डात गाठ सुटून कुणाच्या पायावर पडू नये, हा त्यांचा हेतू होता आणि तो समजण्यासारखा आहे. पंजाच्या ओळीत चेक व्हॉल्व्ह (तेल उलटे परतू न देणारी झडप) असल्याची खात्री करून घेतली आणि बटण सोडल्यावरही गाठ पंज्यात घट्ट राहते, हे त्यांना दोन-तीनदा करून दाखवले. तेव्हापासून दुपारी आत जाणारे तेल ८० ते ८२ अंशांवर स्थिरावते, आरपीएम पडत नाही आणि दिवा लागलेला नाही.

डाव्या मोटरचे कवच उजव्यापेक्षा १४ अंशांनी गरम होते. पट्टा खरोखरच जास्त ताणलेला होता. स्प्रॉकेटभोवतीचा बगॅस काढून ताण मापाला आणल्यावर फरक ५ अंशांवर आला. ओढणे कमी झाले आहे, पण पूर्ण गेलेले नाही. गाळप संपून मशीन मोकळे झाले की केस ड्रेन मोजून घेणार आहे, आणि दोन्ही बाजूंचे आकडे येथेच लिहीन. मिस्त्रींनी पंपाची मागणी तूर्त मागे घेतली आहे.