आकडा उतरला म्हणून भीती उतरते का?
खंडणीसाठीची अपहरणं कमी झाली की लोकांची भीती आपोआप जाते, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. कोलंबियाचं उदाहरण बघा. २००० साली तिथे साडेतीन हजारांच्या आसपास अपहरणं नोंदली गेली. पण लोकांची झोप उडवली ती पद्धतीने. फार्क या डाव्या सशस्त्र संघटनेचे बंडखोर हमरस्ता अडवायचे, गाड्या थांबवायचे आणि खंडणी मिळेल असा माणूस निवडून डोंगरात न्यायचे. याला नावच पडलं होतं, 'चमत्कारी मासेमारी'. जाळं टाकायचं, लागेल तो मासा! पाळत ठेवून एखाद्या धनाढ्याला उचललं तर बाकीचे म्हणतात, आपल्याला काय धोका? इथे सुट्टीला निघालेलं साधं कुटुंबही सापडू शकत होतं. माणसं शहराबाहेर पडेनाशी झाली.

२००२ नंतर राष्ट्राध्यक्ष उरिबे यांच्या सरकारने सुट्ट्यांच्या दिवसांत रस्त्यांवर लष्कर उभं केलं, गाड्यांचे ताफे बंदोबस्तात नेले. कडेचा जवान जाणाऱ्या गाडीला अंगठा उंचावून दाखवायचा. माझ्या मते धीर दिला तो या दिसणाऱ्या अंगठ्याने.

आणि ज्यांचं माणूस परतलंच नव्हतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी १९९४ पासून 'अपहृतांचे आवाज' अशा अर्थाच्या नावाचा रेडिओ कार्यक्रम होता. रविवारी पहाटे, सगळं सामसूम असताना, घरचे माइकवर बोलायचे आणि जंगलातले ओलीस ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकायचे. आकडे केव्हाच उतरले होते, तरी तो कार्यक्रम २०१८ पर्यंत चालू होता.