पुण्यातली केबल डिजिटल होतेय : डिश घ्यावी की केबलवाल्याचाच बॉक्स? (बजेट महिना २००)

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. सरकारी नियमामुळे ३१ मार्च २०१३ नंतर पुण्यात सेट-टॉप बॉक्सशिवाय केबल दिसणार नाही. घरी आई-बाबा आणि एकच टीव्ही, तोही जुना खोक्याचा. मी बाहेरगावी असते. आईला झी मराठी, ई टीव्ही आणि स्टार प्रवाहवरच्या मालिका लागतात, बाबांना मराठी बातम्या आणि क्रिकेट. एचडी, रेकॉर्डिंग, इंग्रजी चॅनेल काहीही नको. महिन्याला २०० च्या वर एक पैसा द्यायचा नाही असं बाबांनी बजावलंय. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेला. ३ एप्रिलपासून आयपीएल आहे, त्याआधी काम झालं पाहिजे. कोणती डिश घेऊ, आणि कोणतं पॅकेज?

रिमोटमास्टर
डोळे झाकून टाटा स्कायचं एचडी घ्या, रेकॉर्डिंगवालं. मी ४० इंची एलईडीला लावलंय. मॅच चालू असताना दाराची बेल वाजली की पॉज करायचं, पाहुणे गेले की तिथूनच पुढे. मित्र खास बघायला येतात. महिन्याला पाचशेच्या वर जातात, पण सवय होते.

सिंहगडरोडकर
धन्यवाद, पण जुन्या टीव्हीवर एचडीचा काय उपयोग? आणि बजेट २०० आहे.

रिमोटमास्टर
मग आधी टीव्ही बदला.

मुलुंडकर
अजिबात घाई करू नका. सरकारी तारीख आहे, पुढे जाणारच. आम्हाला मुंबईत आधी ३० जून २०१२ सांगितली होती, मग ३१ ऑक्टोबर झाली.

तिखटमीठ
आणि ३१ ऑक्टोबरनंतर काय झालं तेही सांगा की. ज्यांनी बॉक्स घेतला नव्हता त्यांच्या पडद्यावर मुंग्या. माझ्या मावशीकडे ऐन दिवाळीत टीव्ही बंद, कारण केबलवाल्याकडचे बॉक्स संपले होते.

मुलुंडकर
मावशीला चार महिने जास्तीचे मिळाले होते ना? तेव्हा काय केलं?

तिखटमीठ
तुमच्यासारख्यांचं ऐकत बसली.

गच्चीवरचा
बाल्कनी पश्चिमेला आहे हे कुणी वाचलंच नाही का? हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात, म्हणजे आपल्याला दक्षिणेच्या बाजूला. टाटा स्कायचा ८३ अंश पूर्वेला, डिश टीव्हीचा ९५ अंशांवर. पुणे साधारण ७४ अंशांवर. म्हणजे डिशच्या छत्रीचं तोंड दक्षिण आणि पूर्व यांच्या मध्ये कुठेतरी येणार. पश्चिमेच्या बाल्कनीत छत्री लावली तर तिच्यासमोर तुमचीच इमारत. छत्री गच्चीवरच न्यावी लागेल, आणि वायर दुसऱ्या मजल्यापर्यंत खाली आणावी लागेल. आधी सोसायटीची परवानगी विचारा, पॅकेजचं नंतर बघा.

निशिगंध
आमच्याकडे डिश टीव्ही आहे, एकदम मस्त. पावसात जाते एवढंच.

रिमोटमास्टर
आमची पावसात कधीही जात नाही.

गच्चीवरचा
धो धो पाऊस आला की सगळ्यांचीच जाते. ज्या लहरींवर हे चालतं त्या पावसात शोषल्या जातात. छत्री नीट जुळवलेली असेल तर पाच-दहा मिनिटांत परत येते, ढिली असेल तर रिमझिममध्येसुद्धा जाते. जुळवणी करून घ्या आणि पाइपाचे नट आवळून घ्या.

निशिगंध
+१. पावसात जाते, हेच म्हणत होते.

सेक्रेटरीसाहेब
परवानगी मिळेल असं गृहीत धरू नका. आमच्या गच्चीत कंपनीच्या पोरांनी न विचारता भोकं पाडली आणि वरच्या मजल्यावर पाणी झिरपलं. वॉटरप्रूफिंगचा खर्च कुणी करायचा यावरून दोन सभा झाल्या. आता आम्ही कठड्याला एकच लोखंडी पाइप बसवलाय, ज्याला छत्री लावायची त्याने तिथेच.

तिखटमीठ
एका पाइपावर किती छत्र्या बसतात?

सेक्रेटरीसाहेब
चार. पाचव्यासाठी सभा बोलवावी लागते.

अर्धाचहा
मुद्द्याचं कुणी बोलणार आहे का? ताई, "२०० चॅनेल" असल्या आकड्याला भुलू नका. त्यात अर्धे आपल्याला न समजणाऱ्या भाषांतले असतात. यादी मागवा आणि आईंच्या तीन मालिकांचे चॅनेल त्यात आहेत का, तेवढं पेनाने खूण करून बघा. बऱ्याच कंपन्यांच्या मूळ पॅकेजमध्ये सगळे मराठी चॅनेल नसतात, वेगळं प्रादेशिक पॅकेज जोडावं लागतं आणि तिथे २०० ओलांडले जातात. क्रिकेटचंही तसंच. आयपीएल सेट मॅक्सवर असतं, आणि तो सिनेमाचा चॅनेल असल्यामुळे साध्या पॅकेजमध्येही बहुतेक मिळतो. भारतातले कसोटी आणि वनडे बघायचे तर स्टार क्रिकेट हवा, तो खेळांच्या पॅकेजमध्ये. बाबांना नेमकं काय हवंय?

सिंहगडरोडकर
बाबा म्हणाले, "सचिन ज्याच्यात असेल ते."

अर्धाचहा
मग आयपीएलपुरता सेट मॅक्स पुरे.

जुनेजाणते
दूरदर्शनचं डीडी डायरेक्ट प्लस लावा. छत्री आणि डबा एकदाच घ्यायचा, महिन्याचं भाडं शून्य. सह्याद्री दिसतं, बातम्या दिसतात. पूर्वी एवढ्यावरच सगळ्यांचं भागत होतं.

सिंहगडरोडकर
काका, त्यावर झी मराठी नाही ना. आई मला घरात घेणार नाही.

टीव्हीमुक्त
आम्ही टीव्ही काढूनच टाकला. घरात किती संवाद वाढला म्हणून सांगू!

तिखटमीठ
म्हणून दिवसभर इथे असता होय.

निशिगंध
केबलवाल्याच्या नादी लागू नका हं. त्याच्या नोडची, म्हणजे गल्लीतल्या यंत्राची, वीज गेली की आपल्याकडे इन्व्हर्टर असूनही टीव्ही बंद. डिशचं तसं नाही.

सिंहगडरोडकर
कळवायचं राहिलं. केबलवाल्याचाच बॉक्स घेतला. सोसायटीने गच्चीचा विषय पुढच्या सभेवर ढकललाय आणि सभा मे महिन्यात. तोवर आयपीएल संपत येईल. केबलवाला घरी येऊन बॉक्स लावून गेला. तिन्ही मराठी चॅनेल, मॅक्स आणि बातम्या धरून महिन्याला १८० सांगितलेत. बाबा त्याला तो शाळेत असल्यापासून ओळखतात, रात्री दहाला फोन केला तरी येतो. माहिती दिल्याबद्दल सगळ्यांचे आभार.

रिमोटमास्टर
एवढं सांगून केबल? पैसे वाया.

गच्चीवरचा
घेतलात तर घेतलात, पण तीन गोष्टी करा. ग्राहकाचा फॉर्म भरून त्याची प्रत घ्या, नाहीतर बॉक्स तुमच्या नावावर चढणार नाही. बॉक्स विकत दिलाय की भाड्याने, ते पावतीवर लिहून घ्या. हा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही, त्यामुळे उद्या डिश घेतली तर तो शोभेचा. आणि १८० मध्ये कर धरलाय का ते विचारा. शंभर फुकट चॅनेलचं मूळ पॅकेज १०० रुपये अधिक कर, असं ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ठरवून दिलंय, पण आईंच्या मालिका पैसेवाल्या चॅनेलवर असतात, तेव्हा ते घेऊन भागणार नाही.

सिंहगडरोडकर
फॉर्मची प्रत उद्याच मागायला सांगते. कर धरून २०२ होतात म्हणे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. नवीनच अडचण म्हणजे बाबा सवयीने टीव्हीच्या रिमोटवर चॅनेल बदलतात आणि पडदा निळा होतो. रोज फोन येतो.

अर्धाचहा
टीव्ही एव्हीवर (बॉक्सची वायर जोडलेल्या इनपुटवर) ठेवायचा, चॅनेल आणि आवाज बॉक्सच्या रिमोटवर. टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून ठेवा.

सेक्रेटरीसाहेब
सेल काढू नका, नंतर सापडत नाहीत. सरळ बॉक्सच्या रिमोटला घाला.

मुलुंडकर
कंपनीने दिलेले सेल महिनाभरसुद्धा टिकत नाहीत, त्यामुळे लागतीलच.